डॅरी फक्त वीस वर्षांचा आहे

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट आहे. बाहेर पारा ४५ च्या घरात, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून मी जरा आडवी झाली होती तेवढ्यात शेजारची नववीत जाणारी मुलगी आली, हातात एक पातळसं इंग्रजी पुस्तक. शाळेनं सुट्टीचा प्रोजेक्ट दिला होता, एक कादंबरी वाचायची आणि तिच्या थीम्स काय, पात्रं कशी बदलत जातात यावर आठ पानं लिहायची. तिनं अर्धं पुस्तक वाचलं होतं आणि नेटवरून थीम्सची यादी उतरवून आणली होती, मैत्री, गरीब-श्रीमंत, निरागसपणा संपणं वगैरे. मी विचारलं हे सगळं तुला पुस्तकात कुठं कुठं दिसलं ते सांग, तर गप्प. मग म्हणाली, "काकू, मला एवढंच समजलं की त्याचा मोठा भाऊ डॅरी लय खडूस आहे."

त्या एका वाक्यासाठी मी पुस्तक ठेवून घेतलं. दोन रात्रीत वाचून काढलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून आज लिहायला बसली.

पुस्तकाचं नाव 'द आउटसायडर्स', लेखिका एस. ई. हिंटन. १९६७ साली अमेरिकेत आलं. लिहायला सुरुवात केली तेव्हा ती १५ वर्षांची होती, बरंचसं लिखाण शाळेत असतानाच १६ व्या वर्षी झालं आणि पुस्तक छापून आलं तेव्हा १८ ची. तिच्या ओळखीच्या एका मुलाला पिक्चर पाहून घरी येताना उगाच मारहाण झाली, तो राग होता तिच्या मनात. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं यासाठी की पोरांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक एका मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक वाचायच्या आधीच नाक मुरडतील. आज ज्याला यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीचं साहित्य म्हणतात त्या प्रकाराची सुरुवात सांगताना या पुस्तकाचं नाव हमखास घेतात.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटही सांगणार आहे, त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. शहरात पोरांचे दोन गट. पूर्वेकडचे गरीब, लांब केस ठेवून त्यांना चापून तेलक्रीम लावणारे, त्यांना ग्रीझर म्हणतात. पश्चिमेकडचे श्रीमंत, मस्टँग गाड्यांत फिरणारे, ते सोश. हे वाचताना मला हसू नाही आलं, पोटात काहीतरी हललं, कारण आपल्या नागपूरलाही रेल्वे लाइननं असंच मधून कापलेलं आहे, लाइनच्या इकडे इतवारी महाल, तिकडे धरमपेठ रामदासपेठ. मी महालातली. कॉलेजात पहिल्या वर्षी एका मुलीनं मला "कुठं राहते गं" विचारलं आणि मी महाल म्हटल्यावर जो "अच्छा" निघाला तिच्या तोंडून तो मला अजून ऐकू येतो. तर पोनीबॉय हा १४ वर्षांचा ग्रीझर गोष्ट सांगतो. त्याचा जीवलग दोस्त जॉनी, १६ वर्षांचा, घरी रोज मार खाणारा, आधी एकदा सोशच्या पोरांनी मरणाचा मारलेला. एका रात्री बागेतल्या कारंज्यात ती पोरं पोनीबॉयला बुडवत असतात आणि जॉनी त्यांच्यातल्या बॉबला चाकूनं मारतो. दोघं पळतात, एका डोंगरावरच्या पडक्या चर्चमध्ये लपतात, पुढे त्या चर्चला आग लागते, आत लहान मुलं अडकतात, हे दोघं त्यांना बाहेर काढतात, त्यात जॉनीची पाठ मोडते आणि शेवटी तो जातो. त्याच्या मागोमाग त्यांच्यातला सगळ्यात कडक, सगळ्यात बिनधास्त डॅली, तो रिकामं पिस्तूल पोलिसांसमोर काढतो आणि मरण ओढवून घेतो.

एवढं सगळं घडतं म्हणून सगळे जॉनी आणि डॅलीबद्दलच लिहितात. बरोबरच आहे. पण मी वाचताना सारखी डॅरीला शोधत होती.

डॅरी म्हणजे पोनीबॉयचा सगळ्यात मोठा भाऊ. आई-वडील आठ महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात गेलेत. घरी तीन भाऊ, डॅरी २०, सोडापॉप म्हणजे सोडा १६, पोनीबॉय १४. नीट वागले तरच तिघांना एकत्र राहू देतील, नाहीतर धाकट्यांना सरकारी होममध्ये टाकतील अशी टांगती तलवार. डॅरी अभ्यासात हुशार, फुटबॉलमध्ये त्याहून, स्कॉलरशिप मिळालेली पण कॉलेज परवडलं नाही आणि आता तो लोकांच्या घरांची छपरं शाकारतो, कौलांचे दोन दोन गठ्ठे एका वेळी शिडीवरून चढवतो. आणि पोनीबॉयला काय दिसतं? की हा रागावतो, हा डोकं वापर म्हणतो, हा कधी हसत नाही, याचे डोळे बर्फाच्या तुकड्यांसारखे आहेत, सोडा नसता तर यानं मला कधीच होममध्ये टाकून दिलं असतं.

माझे बाबा २००१ साली गेले. मी २२ ची, धाकटा १२ चा. आईची तब्येत आधीपासूनच नाजूक, ती नंतर खचलीच. मी केमिस्ट्रीत एम. एस्सी. ला होती, पहिलं वर्ष अर्ध्यावर सोडून एका प्रायव्हेट ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागली. कोणी माझ्यावर जबरदस्ती नव्हती केली, ते आपोआप झालं, घरात कोणीतरी सकाळी डबा घेऊन निघायला पाहिजे होतं आणि ती मी होती. त्या वयात मला माहीत नव्हतं की बारा-चौदा वर्षांच्या पोराशी कसं बोलायचं असतं. मला एवढंच माहीत होतं की हा बिघडला तर सगळे म्हणतील बाप नाही नं घरात, म्हणून.

२००३ ची मारबत. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, मागं बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते आणि लोक ओरडतात की इडापिडा घेऊन जा गे मारबत. धाकटा सकाळी मित्रांसोबत गेला. दुपारी जेवायला नाही. संध्याकाळी नाही. मिरवणुकीत ढकलाढकली झाली असं कोणीतरी सांगून गेलं. तेव्हा काही त्याच्याकडे मोबाइल नव्हता. रात्री साडेअकराला आला, कपड्यांवर गुलाल, मजेत. मी म्हटलं कुठं होता रे. तो म्हणाला तू माझी आई आहे का. आणि मी त्याला मारलं. गालावर, जोरात. बाबांनी आम्हाला दोघांनाही कधी हात लावला नव्हता.

आता पुस्तकातलं सांगते. पोनीबॉय आणि जॉनी एका रिकाम्या प्लॉटवर तारे बघत झोपून जातात, पोनीबॉय रात्री दोनला घरी येतो, डॅरी जागा. आरडाओरडा होतो, सोडा मधे पडतो तर डॅरी त्याच्यावरही ओरडतो, आणि मग पोनीबॉयला एक थोबाडीत बसते. तो लिहितो की आमच्या घरात मला कधीच कोणी मारलं नव्हतं. डॅरी लगेच ओरडतो की माझ्या मनात नव्हतं रे, पण पोरगा पळालेला असतो. त्या पळण्यातूनच पुढचं सगळं होतं, बाग, कारंजं, चाकू. म्हणजे बघा, हाणामारीची एवढी गाजलेली कादंबरी आणि तिच्यातलं सगळं सुरू करणारा धक्का सोशच्या पोरांचा नाही, घरातल्या एका थपडेचा आहे. मला नाही वाटत हे सहज झालं असेल, त्या १६ वर्षांच्या मुलीला नक्की माहीत होतं ती काय करतेय.

माझा भाऊ पण गेला. इतवारीत मावशीकडे. तीन दिवस तिथंच. चौथ्या दिवशी मावशी घेऊन आली, आणि आम्ही त्यावर नंतर कधी बोललो नाही.

हॉस्पिटलचा प्रसंग मी तीनदा वाचला. आगीनंतर डॅरी आणि सोडा येतात, सोडा धावत येऊन पोनीबॉयला उचलतो, मिठ्या मारतो, आणि डॅरी दारातच. हात खिशात कोंबलेले. काही बोलत नाही. आणि मग पोनीबॉयला दिसतं की तो रडतोय, जो आई-वडिलांच्या अंत्यविधीतसुद्धा रडला नव्हता. म्हणतो की मला वाटलं तुलाही गमावलं आम्ही, आई-बाबांसारखंच. त्या क्षणी पोनीबॉयला कळतं की हा माझ्यावर चिडत होता कारण याला भीती वाटत होती, यानं प्रेमाची माणसं आधीच गमावली होती. मला ते खिशातले हात फार कळले. मी त्या तीन दिवसांत दोन संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर इतवारीत गेली होती, मावशीच्या घरासमोरच्या पानठेल्यापाशी लूना लावून अर्धा अर्धा तास उभी राहिली, वर लाइट दिसायचा, वर गेली नाही. मला वाटायचं मला पाहून तो अजून दूर जाईल. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मावशीला पण नाही.

पण माझ्या मते या कादंबरीतली खरी कमाल हॉस्पिटलमध्ये नाही, पहिल्या चॅप्टरमध्ये आहे, आणि ती पहिल्यांदा वाचताना दिसूच शकत नाही. झालं असं की शेवटी पोनीबॉयला इंग्रजीत पास व्हायचं असतं, त्याचे सर म्हणतात एक निबंध लिहून आण, विषय तुझा तू निवड. जॉनी मरताना त्याच्यासाठी एका पुस्तकात चिठ्ठी ठेवून जातो, ती वाचल्यावर पोनीबॉय लिहायला बसतो आणि जे पहिलं वाक्य लिहितो ते या कादंबरीचं पहिलं वाक्य असतं. म्हणजे आपण वाचत होतो तो हाच निबंध. पुस्तक शेवटी येऊन पुन्हा सुरू होतं. हे बहुतेक सगळ्यांना आवडतं आणि बहुतेक जण तिथंच थांबतात. पण यातून निघतं काय ते बघा. पोनीबॉय जेव्हा लिहायला बसला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. डॅरी रडला, डॅरी रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसला होता, सगळं. तरी पहिल्या पानांत तो डॅरीला बर्फाच्या डोळ्यांचाच लिहितो. पहिल्याच प्रसंगात डॅरी त्याला गदगदा हलवून विचारतो की तू ठीक आहेस नं, मग लगेच हात सोडून सॉरी म्हणतो, आणि पोनीबॉय लिहितो की त्याला काही वाईटबिईट वाटलेलं नव्हतं, डॅरीला कधीच कशाचं वाईट वाटत नाही. त्याला तोपर्यंत कळलेलं होतं की हे खोटं आहे. तरी त्यानं ते खोडलं नाही. तेव्हा मला जसं वाटत होतं तसंच लिहितो, चूक होतं तरी. माझ्यासाठी त्याचं मोठं होणं ते आहे. आपण मोठे झालो की आधी हेच करतो, जुन्या आठवणी इस्त्री करून ठेवतो, मला तेव्हाच समजलं होतं म्हणतो. या पोरानं स्वतःची चूक वाचणाऱ्यासमोर तशीच उघडी ठेवली आणि वाचणाऱ्यालाही तीच चूक करू दिली. शेजारच्या मुलीला डॅरी खडूस वाटला तो त्यामुळेच, तिचं वाचन बरोबर चाललं होतं.

मी तिला एवढंच सांगितलं की नेटवरची यादी बाजूला ठेव, पुस्तक पूर्ण वाच आणि संपल्यावर फक्त पहिला चॅप्टर पुन्हा वाच. चार दिवसांनी आली. दारातूनच म्हणाली, "काकू, तो सॉरी म्हणते हो! पहिल्याच चॅप्टरमध्ये! मला दिसलंच नव्हतं." मग आम्ही दोघी बसून पेन्सिलनं खुणा करत गेलो की डॅरी कुठं कुठं काय काय करून राहिला आहे आणि पोनीबॉय त्याचा काय अर्थ लावून राहिला आहे. तिचा प्रोजेक्ट त्यातूनच झाला.

दुसरा एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, फुटक्या बाटलीचा. जॉनी आणि डॅली गेल्यावर पोनीबॉय आतून बधिर झालेला असतो. डॅलीनं त्याला सांगितलं होतं की माझ्यासारखा कडक हो, मग काही दुखत नाही. एका दुकानासमोर तीन सोश पोरं त्रास द्यायला येतात आणि हा कोल्ड्रिंकची बाटली फोडून त्यांच्यावर रोखतो, थंडपणे, न घाबरता. ती पळतात. मित्र घाबरतात, हा असा नव्हता. आणि लगेच पुढच्या मिनिटाला हा खाली वाकून काचा वेचायला लागतो, कोणाच्या गाडीचं टायर पंक्चर नको व्हायला म्हणून. बस एवढंच. यावर त्यानं एका ओळीचंही भाषण दिलेलं नाही. चर्चमध्ये लपलेले असताना एका पहाटे त्यानं जॉनीला रॉबर्ट फ्रॉस्टची आठ ओळींची कविता म्हणून दाखवलेली असते, पहिलं कोवळं सोनेरी काही टिकत नाही अशा अर्थाची, आणि जॉनी मरताना त्याला म्हणतो की तू सोन्यासारखाच राहा. लोक ते वाक्य टी-शर्टवर छापतात. मला विचाराल तर ते सोनं म्हणजे त्या वेचलेल्या काचा.

कमी वाटलेलं पण सांगते. मुली फार पुसट आहेत. चेरी आहे, सोशची मुलगी, हुशार, तिचं पोनीबॉयशी सूर्यास्ताबद्दलचं बोलणं सुंदर आहे, की दोन्हीकडून दिसतो तो सूर्यास्त एकच, पण पुढे ती बातम्या पोचवण्यापुरतीच उरते. ग्रीझरच्या घरांतल्या आया-बहिणी तर जवळपास नाहीतच, आणि मी तर बहीण म्हणूनच वाचत होती त्यामुळे मला ते जास्त लागलं. सोडाचंही तसंच, सगळं पुस्तकभर तो हसरा, सगळ्यांना सांभाळणारा, आणि शेवटी एकदम कळतं की त्याचं प्रेम मोडलंय, त्याचं पत्र न उघडता परत आलंय, दोन भावांच्या भांडणात रस्सीखेचीतल्या दोरीसारखा तो ओढला जातोय. हे जरा आधी यायला पाहिजे होतं. पण पोनीबॉयनं त्याला कधी विचारलंच नव्हतं तुझं काय चाललंय, त्यामुळे उशिरा येण्यालाही अर्थ आहे, यावर माझं अजून ठरत नाहीये.

पिक्चरही आहे, १९८३ चा, फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा, तो कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या लायब्ररियन बाई आणि मुलांनी पत्र पाठवून विनंती केली म्हणून निघाला. पॅट्रिक स्वेझी डॅरी झालाय. पाहायचा असेल तर २००५ साली आलेली मोठी आवृत्ती पाहा, तिच्यात आधी कापलेली २२ मिनिटं परत घातलीयेत आणि त्यात भावाभावांचे प्रसंग आहेत, ते नसतील तर उरतं ते नुसतं मारामारीचं पिक्चर.

धाकटा आता पुण्याला असतो, त्याला स्वतःची मुलगी आहे. रविवारी फोनवर बोलताना मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, पोनीबॉय, थप्पड, हॉस्पिटल, खिशातले हात. पानठेल्याचं नाही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "ताई, तू मावशीकडे आली होती नं. खाली."

मी म्हटलं तुला कोणी सांगितलं.

"मी गॅलरीत होतो. कपडे वाळत होते त्यांच्या मागं. दोन्ही दिवस. मला वाटलं आता वर येशील. नाही आली तर वाटलं तू मला न्यायला नाही आली, नुसता जिवंत आहे का तेवढं पाहून गेली."

बावीस वर्षं झाली याला. मी त्याला सांगितलं की मी काऊन वर आली नाही ते. तो हो म्हणाला, अजून एकदा हो म्हणाला. मग त्याच्या मुलीचा रडण्याचा आवाज आला मागून, तो म्हणाला थांब, आणि परत येऊन म्हणाला ते पुस्तक घेऊन ठेव माझ्यासाठी, कुरिअर नको करू, पोळ्याला येतो तेव्हा देशील.